नेझल पिलो मास्क लावून झोपायची सवय कशी करावी

बाबांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी त्यांना सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) सांगितलं आणि सगळ्यांत छोटा म्हणून आम्ही नेझल पिलो मास्क घेतला. यात नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या सिलिकॉनच्या मऊ ‘पिलो’ असतात. पहिल्या रात्री दीड वाजता तो उशीखाली सापडला. चूक आमची होती. दिवसभर मास्कला कुणी हात लावला नाही, आणि रात्री एकदम ‘लावून झोपा’ म्हणालो.

या त्रासात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. मशीनच्या हवेचा दाब ती उघडी ठेवतो. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला. दाब किती ठेवायचा हे डॉक्टरच ठरवतात, घरी आपण तो बदलायचा नाही. आपल्या हातात आहे ती मास्कशी ओळख.

ती ओळख दिवसा करा. संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क नुसता नाकाला लावून पंधरा मिनिटं बसा. दुसऱ्या दिवशी नळी जोडून मशीन सुरू करा, पण खुर्चीतच. इथे एक गोष्ट बहुतेकांना दचकवते: बोलायला तोंड उघडलं की हवा भसकन तोंडावाटे बाहेर पडते आणि गुदमरल्यासारखं होतं. काही बिघडलेलं नसतं. ओठ मिटा, जीभ टाळूला टेकवा आणि श्वास सावकाश सोडा. मग दुपारच्या वामकुक्षीला मास्क लावून बघा. या दिवसांत रात्रीही, सहन होईल तितका वेळ, तो लावत राहा. झोपेत निघाला तर रागावू नका, परत लावा. मशीनमध्ये रॅम्पची सोय असते, ती चालू ठेवा. दाब कमीपासून हळूहळू चढतो, तोवर डोळा लागतो.

आता मुख्य काम, मास्क नीट बसवणं. बहुतेक मास्कसोबत दोन-तीन मापांच्या पिलो येतात. मोठी पिलो नाकपुडीला ताणते, छोटी आत शिरून टोचते. बरोबर मापाची पिलो नाकपुडीच्या तोंडाशी अलगद टेकते. आधी चेहरा साबणाने धुवा. झोपताना नाकात तूप किंवा तेल घालायची सवय असेल, तर ती बंद ठेवा. तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं. पेट्रोलियम जेलीही नको. मग पट्टे सैल ठेवून आडवे व्हा, मशीन सुरू करा, पिलो नाकापासून किंचित ओढा, ती हवेने फुगली की परत टेकवा. पट्टे शेवटी आवळा, तेही ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळून. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे.

आम्ही हवा गळते म्हणून पट्टे आवळत गेलो. सकाळी बाबांच्या गालांवर लाल वळ होते आणि उजव्या नाकपुडीची कड सोलवटली होती. पट्टे सैल केले, पिलो एक माप मोठी घेतली, तेव्हा गळती थांबली. मास्कवर बारीक भोकं असतात, सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ती कधीही बंद करू नका, पांघरुणाखाली दबू देऊ नका.

कूस बदलताना नळी ओढली जाते. आम्ही मच्छरदाणीच्या जुन्या खिळ्याला नाडी बांधून नळी डोक्यावरून सोडली, आणि तो त्रास संपला.

पुण्याच्या हवेचा विचार करावा लागतो. एप्रिलमध्ये नाक कोरडं पडतं, ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) थोडा वाढवा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरला की नळीत वाफेचं पाणी होतं आणि नाकावर थेंब पडतात. तेव्हा ह्युमिडिफायर कमी करा, नळीला कापडी खोळ घाला, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाच्या पाण्याचे क्षार टाकीच्या तळाला धरतात. पिलो रोज सौम्य साबणाने धुवा.

रात्री लाइट गेली तर मास्क काढून ठेवा. इन्व्हर्टरवर मशीन चालवायचं असेल तर ह्युमिडिफायर बंद केला की बॅटरी जास्त टिकते.

सकाळी तोंडाला कोरड पडत असेल, तर हवा तोंडावाटे निसटते आहे. नाक बंद असेल तर आधी त्यावर डॉक्टरांकडून उपचार घ्या. तोंडाला चिकटपट्टी लावायचा प्रयोग मनाने करू नका. पोटात हवा भरणं, कान दुखणं, नाकातून रक्त येणं, दिवसा तशीच झोप येत राहणं, यातलं काहीही झालं तर मशीनमधल्या नोंदी घेऊन डॉक्टरांना भेटा. किती तास मास्क लावला आणि हवा किती गळली, ते त्यात दिसतं. दोन-तीन आठवडे नीट प्रयत्न करूनही नाकाला जमलं नाही, तर मशीन सोडू नका, दुसऱ्या प्रकारचा मास्क मागा.