परस्पर संमतीने घटस्फोट: सहा महिन्यांची मुदत माफ करून घेण्यासाठी काय करावे

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13-ब खाली दोघांनी मिळून याचिका दाखल केली की किमान सहा महिने थांबायचे आणि अठरा महिने उलटण्याआधी न्यायालयात पुन्हा संमती सांगायची, असा नियम आहे. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 सप्टेंबर 2017 रोजी ठरवले की ही सहा महिन्यांची मुदत अटळ नाही. योग्य प्रकरणात कौटुंबिक न्यायालय स्वतःच ती माफ करू शकते. त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. मात्र अर्ज मंजूर होणार की नाही, हे बरेचसे याचिकेआधीच्या तयारीवर ठरते.

आधी तारखा जुळवा. याचिकेच्या दिवशी वेगळे राहून एक वर्ष झालेलेच हवे. मुदतमाफी हवी असेल तर 2017 च्या निकालातल्या निकषाप्रमाणे दीड वर्ष धरून चाला. 1 मार्च 2024 पासून वेगळे असाल तर याचिका 1 सप्टेंबर 2025 नंतरची असावी. एकाच घरात राहूनही पती-पत्नीचे नाते उरले नसेल, तर तेही वेगळे राहणेच. पण याचिकेत तसे स्पष्ट लिहा. याचिकेत एक तारीख, प्रतिज्ञापत्रात दुसरी, असे झाले की शंका येते आणि अर्ज तिथेच अडकतो. दीड वर्षाला थोडे कमी पडत असेल तरी दार बंद नसते: अमित कुमार विरुद्ध सुमन बेनिवाल (2021) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 2017 चे निकष उदाहरणादाखल असल्याचे सांगून, वर्षभर वेगळे राहून याचिका केलेल्या जोडप्याला सवलत दिली.

मग कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा लेखी समझोता. सर्वाधिक वेळ इथे द्या, कारण अर्धवट समझोत्यामुळे अर्ज फेटाळला जाऊ शकतो. 'पोटगी ठरल्याप्रमाणे देऊ' हे वाक्य कुचकामी आहे. एकूण रक्कम, हप्ते, प्रत्येक हप्त्याची तारीख, डिमांड ड्राफ्ट की आरटीजीएस, सगळे लिहा. स्त्रीधनाची यादी वजनासह जोडा. फ्लॅट कोणाकडे राहणार, कर्जाचे हप्ते आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार, मुलांचा ताबा, भेटीचे वार, शाळेची फी, काहीच तोंडी ठेवू नका. विवाहितेच्या छळाचा गुन्हा (भारतीय दंड संहितेचे कलम 498-अ, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 85) फिर्यादीला परस्पर मागे घेता येत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज लागतो. तो कोण, केव्हा करणार आणि दुसरा पक्ष संमती कधी देणार, हेही नमूद करा.

हप्त्यांची शब्दरचना किती निर्णायक ठरते ते पाहा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात पोटगीची निम्मी रक्कम बाकी असल्याचे कारण देऊन कौटुंबिक न्यायालयाने मुदतमाफी नाकारली होती. पण उरलेला हप्ता घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर (न्यायालयाच्या अंतिम आदेशानंतर) द्यायचा, असेच टर्म्समध्ये लिहिलेले होते. अटींचे पालन झाले आहे, असे मानून उच्च न्यायालयाने मुदत माफ केली.

याचिका दाखल झाल्यावर समुपदेशन किंवा मध्यस्थी टाळू नका. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले, हा 2017 च्या निकालातला एक निकष आहे आणि समुपदेशकाचा अहवाल हा त्याचा सरळ पुरावा.

पहिल्या मोशननंतर (म्हणजे संयुक्त याचिका न्यायालयापुढे मांडल्यानंतर) एका आठवड्याने मुदतमाफीचा संयुक्त अर्ज करता येतो. सोबत दोघांची प्रतिज्ञापत्रे, कन्सेंट टर्म्स आणि पैसे मिळाल्याच्या पावत्या जोडा. 'आमचे पटत नाही' हे घटस्फोटाचे कारण झाले, मुदतमाफीचे नव्हे. थांबल्याने नेमके काय बिघडते ते सांगा: परदेशातल्या नोकरीची रुजू होण्याची तारीख, वय, पुनर्विवाहाची शक्यता. नेमणूकपत्रासारखा कागद असेल तर तोही लावा.

सुनावणीत न्यायाधीश दोघांनाही विचारतात की संमती कोणाच्या दबावाखाली नाही ना. परदेशी असलेल्याला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागता येते. येणे अशक्यच असेल, तर न्यायालय आईवडील किंवा भावंडांमार्फत हजर राहू देऊ शकते. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून पूर्ण रक्कम आधीच हातात देण्याऐवजी एक हप्ता अंतिम सुनावणीला ठेवणे शहाणपणाचे.

अर्ज फेटाळला तरी मूळ याचिका जिवंत राहते: सहा महिने थांबा, नाहीतर संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालयात दाद मागा. मंजूर झाला, तर हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करा. पासपोर्ट आणि बँकेच्या कामांसाठी तीच लागते.