डायल-अप मोडेम चुकून कमांड मोडमध्ये जाऊ नये म्हणून काय करावे

डायल-अप मोडेम संगणकाला टेलिफोनच्या तारेवरून जोडतो. संगणकाकडून मोडेमला जाणाऱ्या आज्ञा आणि माहिती एकाच तारेने जातात. म्हणून जोडणी चालू असताना आज्ञा द्यायची तर आधी +++ ही खूण पाठवावी लागते; ती ओळखली की मोडेम कमांड मोडमध्ये, म्हणजे आलेला मजकूर आज्ञा मानण्याच्या स्थितीत, जातो. १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमने या खुणेच्या आधी आणि नंतर एक सेकंद शांतता आवश्यक ठरवली. वाहत्या माहितीत अशी शांतता क्वचितच सापडते. पण ही युक्ती पेटंटखाली असल्याने काही उत्पादकांनी शांततेची अट गाळली, आणि त्यांच्या मोडेमला +++ च्या लगेच पाठोपाठ ‘एटी’ने सुरू होणारी आज्ञा व एंटर एवढे पुरते. धोका आपल्या संगणकातून बाहेर जाणाऱ्या मजकुराचाच असतो, तरी परका माणूसही त्याचा फायदा घेऊ शकतो: त्याने +++एटीएच० (एटीएच म्हणजे फोन ठेवण्याची आज्ञा) असा मजकूर घालून पिंग, म्हणजे उत्तर मागणारा चाचणी-संदेश, पाठवले, की आपला संगणक तोच मजकूर उत्तरात परत धाडतो आणि स्वतःच्याच मोडेमला फोन ठेवायला लावतो.

उपाय सोपा आहे. प्रथम टर्मिनल प्रोग्रॅममधून (मोडेमशी थेट टाइप करून बोलता येणारा प्रोग्रॅम) मोडेमचा पोर्ट उघडून एटी टाइप करावे (सर्व आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत द्याव्यात) आणि ‘ओके’ आल्याची खात्री करावी. खुणेचे चिन्ह मोडेमच्या एस२ या नोंदीत असते. नंतर एटीएस२? विचारल्यास सहसा ०४३, म्हणजे अधिक चिन्हाचा आस्की (अक्षरांच्या संगणकीय संकेतातला) क्रमांक, दिसतो. एटीएस२=२५५ ही आज्ञा द्यावी; १२७ पेक्षा मोठी संख्या असली की मोडेम खूण ओळखणेच बंद करतो. शेवटी एटी&डब्ल्यूने ही नोंद जतन करावी.

जतन केलेली नोंद एटीझेडनंतर (मोडेम रीसेट करण्याच्या आज्ञेनंतर) टिकते, पण एटी&एफने मूळ कारखान्याची मूल्ये परत येतात, आणि अनेक डायलर (फोन लावून जोडणी करणारे प्रोग्रॅम) प्रत्येक वेळी हीच आज्ञा देतात. म्हणून डायलरच्या इनिशियलायझेशन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे फोन लावण्याआधी मोडेमला दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या ओळीत, &एफनंतर एस२=२५५ लिहिणे हाच भरवशाचा मार्ग होय.

खूण बंद झाल्यावर +++ व एटीएच वापरून फोन ठेवणारे प्रोग्रॅम निकामी होतात. त्यासाठी त्याच स्ट्रिंगमध्ये &डी२ जोडावे, म्हणजे संगणकाने डीटीआर (संगणक तयार असल्याचा) संकेत काढून घेताच मोडेम फोन ठेवतो. खूण चालूच ठेवणे भाग असेल, तर शांततेचा अवधी ठरवणारे एस१२ वाढवता येते. त्याचे एकक सेकंदाचा पन्नासावा भाग असून मूळ मूल्य ५० असते. शांततेची अटच नसलेल्या मोडेमवर मात्र त्याचा उपयोग नाही.

तपासणीसाठी टर्मिनलमधूनच जोडणी करून हात थांबवावा, +++ टाइप करून पुन्हा दोनेक सेकंद थांबावे. ‘ओके’ आले नाही, तर बदल लागू झाला आहे.