दहावी राहिलीय? सतरा नंबरचा फॉर्म भरा

माझी शाळा सातवीत सुटली. दहावी झाले एकेचाळिसाव्या वर्षी, शिलाई मशीन सांभाळून.

आधी शाळा सोडल्याचा मूळ दाखला शोधा. माझा ट्रंकेत, लग्नाच्या बस्त्याच्या पावत्यांखाली सापडला. हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढा. याला वेळ लागतो बरं का.

मग राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. पाचवी पास असलात तरी चालतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, दाखला, आधार, फोटो जोडायचे, निवडलेल्या शाळेत कागद नेऊन द्यायचे. परीक्षा शाळेतल्या पोरांबरोबरच. पहिल्या पेपरला एका मुलीने मला पर्यवेक्षक समजून पुरवणी मागितली!

सगळे विषय एकदम झेपणार नसतील तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बरं. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत जायचं. मराठी माध्यमही आहे. गणित घ्यायलाच हवं असं नाही. पण पुढे आयटीआय मनात असेल तर गणित-विज्ञान टाळू नका, बऱ्याच ट्रेडना लागतं.

फॉर्म भरताना दाखल्यावरचं माहेरचं नाव आणि आधारवरचं सासरचं नाव जुळत नसेल, तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. माझे दोन हेलपाटे तिथेच गेले.