पाटावर श्रीयंत्र काढताना पाचवी रेघ दगा देते

गणपती उठले की आमच्या चाळीसगावच्या घरी पाट यायला लागतात. कुणाच्या नणंदेचा, कुणाच्या शेजारणीचा. घट बसण्याआधी त्यावर श्रीयंत्र, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या नऊ त्रिकोणांचं देवीचं यंत्र, हवं असतं. वीस-बावीस वर्षं हे काम करतेय. पाट पितृपक्षाच्या आत द्या, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी सर्वपित्रीच्या संध्याकाळी दारात उभं असतं. त्यापेक्षा तुम्हीच शिका.

मोबाइलवर ‘पाच मिनिटांत श्रीयंत्र’ दाखवतात ते आधी डोक्यातून काढा. त्यात दोन समभुज त्रिकोण एकमेकांवर ठेवून षट्कोन करतात आणि त्यात बाकीचे कोंबतात. श्रीयंत्रातले दोन मोठे त्रिकोण समभुज नसतातच. २४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात वर टोक असलेल्या मोठ्या त्रिकोणाचा पाया २३ सेंटिमीटरच्या जरा वर येतो आणि बाजू १९. सुरुवातच समभुज केली तर पुढे काहीही जुळत नाही.

पाट दीड फुटाचा, वाळलेल्या सागाचा. ओल्या लाकडाचा पाट दिवाळीपर्यंत वाकतो. त्रिकोण आधी कागदावर काढायचे, मग कार्बन पेपरने पाटावर उतरवायचे. वर्तुळं मात्र पाटावर कंपासनेच काढा.

कागदावर २४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि मधोमध उभी रेघ. परंपरेने व्यासाचे ४८ भाग करतात. आपल्या मापात एक भाग ५ मिलिमीटरचा, म्हणूनच मी २४ घेते. वरून ३, ६, ८.५, १०, ११.५, १३.५, १५, १८ आणि २१ सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा, गुण्या लावून, अगदी फिकट. त्यांना १ ते ९ आकडे द्या. समान अंतरावर मारा म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

या नऊ रेघा म्हणजे नऊ त्रिकोणांचे पाये. १ ते ५ यांची टोकं खाली: ते पाच शक्तीचे. ६ ते ९ यांची टोकं वर: ते चार शिवाचे. चार श्रीकंठ (म्हणजे शिव) आणि पाच शिवयुवती (म्हणजे शक्ती) ही सौंदर्यलहरी या देवीच्या स्तोत्रातली मोजणी हीच.

जुन्या पद्धतीत कोणती रेघ टोकाकडून किती भाग खोडायची याचे आकडे आहेत. मी ते वापरत नाही. छेद स्वतःच सांगतात. ३ आणि ७ या दोनच रेघा दोन्हीकडे वर्तुळाला टेकवा. ३ ची टोकं वर्तुळाच्या तळाशी जोडा, ७ ची माथ्याशी. आता पट्टीचं एक टोक ६ च्या मध्यावर ठेवा. शिवाच्या मोठ्या त्रिकोणाची बाजू २ ला जिथे कापते, त्या बिंदूतून पट्टी वर नेऊन १ पर्यंत रेघ ओढा. १ तिथे संपते, मध्यापासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर. तीच बाजू ३ ला कापते त्या बिंदूतून, ९ च्या मध्यापासून निघून, २ चं टोक मिळतं. खालचा अर्धा भाग याच धर्तीवर: शक्तीच्या मोठ्या त्रिकोणाची बाजू ७ ला कापते तिथून, १ च्या मध्यापासून निघून, ८ चं टोक, ती ८ ला कापते तिथून, ३ च्या मध्यापासून निघून, ९ चं. दुसऱ्या अंगाला तसंच करा आणि जास्तीच्या रेघा खोडा.

४ ची टोकं ८ वरून १ कडे चढणाऱ्या बाजूंवर संपतात; ती ८ च्या मध्याशी जोडा. ६ ची टोकं २ वरून ९ कडे उतरणाऱ्या बाजूंवर; ती २ च्या मध्याशी. इथपर्यंत चहा घेत घेत होतं.

उरते ५.

पहिली तीन वर्षं या रेघेने मला रडवलं. तीन रेघा जिथे एका ठिकाणी भेटतात त्याला मर्म म्हणतात, दोन भेटतात त्याला संधी. पाचव्या रेघेवर प्रत्येक अंगाला दोन मर्मं हवीत. आतलं मर्म: १ वरून ६ कडे येणारी बाजू आणि ९ वरून ३ कडे जाणारी बाजू यांचा छेद. बाहेरचं: ४ आणि ६ यांच्या बाजूंचा छेद. तुम्ही कितीही काटेकोर असा, ४८ भागांच्या या गणितात आतला छेद पाचव्या रेघेच्या साधारण दीड मिलिमीटर वर पडतो आणि बाहेरचा अडीच मिलिमीटर खाली. मला वाटायचं, हात थरथरतोय. रेघ वर घ्यायची, तर बाहेर फट. खाली घ्यायची, तर आत फट. एका वर्षी तिसऱ्यांदा कागद फाडला तेव्हा आजेसासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, “रेघ जराशी जाड वढ पोरी, मंग तिन्हीबी भेटतीन.” त्यांनी आयुष्यभर रांगोळी घातली होती, कंपास कधी हातात धरला नव्हता.

मग मी एका रविवारी आकडेमोड केली आणि कळलं की म्हातारी बरोबर होती. ११.५ हे माप दोन छेदांच्या मधलं आहे, तडजोडीचं. त्यामुळे पाचवी रेघ हलवू नका. तिचं टोक मध्यापासून बरोबर ३ सेंटिमीटरवर ठेवा, ते ७ च्या मध्याशी जोडा आणि रंगवताना रेघ दोन-अडीच मिलिमीटरची घ्या. फट त्यात मिटते. जेल पेनने बारीक, ‘सुबक’ रेघ काढणाऱ्यांची यंत्रं मी पाहिली आहेत. मधला भाग कायम उसवलेला दिसतो.

पूर्ण यंत्रातलं कुठलंही मर्म घ्या, तिथे तिन्ही रेघा एकाच पक्षाच्या नसतात. दोन शक्तीच्या आणि एक शिवाची, नाहीतर उलट. शिवशक्तीचं ऐक्य वगैरे कीर्तनात ऐकून मान डोलावली होती. ते काय असतं ते पट्टी धरल्यावर दिसलं. दोघांपैकी एकाची रेघ चुकली की दुसऱ्याचा त्रिकोण फुटतो.

मोजणी करूनच रंग काढा. बाहेरून आत त्रिकोण १४, १०, १०, ८ आणि मधला १. एकूण ४३. त्यांची नावंही आहेत: सर्वसौभाग्यदायक, सर्वार्थसाधक, सर्वरक्षाकर, सर्वरोगहर, सर्वसिद्धिप्रद. पाचवी रेघ फसली तर शेवटची दोन बिघडतात, कारण मधल्या त्रिकोणाचा पाया तीच आणि आठातल्या दोघांची टोकंही तिचीच. मग चिंचोळे जादा त्रिकोण तयार होतात आणि मोजणी पन्नाशीकडे जाते. बाजारातला तांब्याचा पत्रा विकत घेण्याआधीही हे मोजून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

ज्यांना ३ आणि ७ वर्तुळाला नीट टेकल्या का हे तपासायचंय त्यांच्यासाठी एक आडवाट. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात शर आणि जीवेचा नियम आहे. जीवा म्हणजे वर्तुळाला दोन्हीकडे टेकणारी रेघ, शर म्हणजे तिच्या मध्यापासून वर्तुळापर्यंतची उंची. तिसऱ्या रेघेच्या वर ८.५ सेंटिमीटर, खाली १५.५. गुणाकार १३१.७५, त्याचं वर्गमूळ जवळजवळ ११.५. तेवढी अर्धी रेघ यायला हवी. सातवीला १५ गुणिले ९, म्हणजे साधारण ११.६. आमच्या तालुक्यात पाटणादेवीला जाणारे पुष्कळ. पण तिथे पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला आणि १२०७ च्या शिलालेखात तसं कोरलंय, हे दर्शनाच्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असतं!

बाकीचं सोपं. १५ सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत आठ पाकळ्या, १८ पर्यंत सोळा, बाहेर तीन वर्तुळं, मग तीन रेघांचं चौकोनी भूपूर आणि चार दिशांना चार दारं. आठ पाकळ्यांना सर्वसंक्षोभण, सोळांना सर्वाशापरिपूरक, भूपुराला त्रैलोक्यमोहन म्हणतात. भूपुरापासून आत यायचं तो संहारक्रम, बिंदूपासून बाहेर जायचं तो सृष्टिक्रम. रंगवताना मी आतून बाहेर जाते. त्यात अध्यात्म कमी, ओल्या रंगाला बाही लागू नये हा विचार जास्त.

रंग गेरूचा, डिंकात कालवलेला. एका थरावर दुसरा थर पहिला पूर्ण वाळल्यावर.

बिंदू कुठे द्यायचा असं सगळ्या विचारतात. कंपासची टाचणी रोवली होती ते भोक मधल्या त्रिकोणातच असतं. तेच कुंकू आणि डिंकाने भरा.