किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन: पाण्यात ढकलण्याआधी

जिवंत डॉल्फिन वाळूवर दिसला की जमलेली माणसं शेपटी धरून त्याला पाण्याकडे ओढू लागतात. कृपा करून हे थांबवा. ओढताना सांधे निखळतात, वाळूवर घासून कातडी सोलवटते. शिवाय आजारी किंवा थकलेला असतो म्हणूनच तो बहुधा किनाऱ्याला लागलेला असतो. तसाच परत ढकलला तर थोड्या वेळात पुन्हा वाळूवर येतो, आणि या वेळी आणखी अशक्त.

पहिला फोन वन्यजीव यंत्रणेला किंवा सागरी प्राण्यांच्या बचाव पथकाला. नेमकी जागा, अंदाजे लांबी, श्वास चालू आहे का, जखमा कुठे आहेत आणि भरती चालू आहे की ओहोटी, एवढं सांगा. लांबून काढलेले फोटोही पाठवा. पथक येईपर्यंत तीन गोष्टी सांभाळायच्या: श्वास, वजन आणि उष्णता.

डॉल्फिनचं श्वासरंध्र डोक्यावर असतं. कुशीवर कलंडला असेल तर त्यात वाळू जाते, भरतीचं पाणी चढलं तर तो गुदमरतो. म्हणून धडाला हात लावून त्याला हळूच पोटावर आणा. पर किंवा शेपटी धरून वळवू नका. पुढच्या दोन्ही परांखाली खड्डे खणा, म्हणजे पर अंगाखाली चिरडणार नाहीत. त्याच खड्ड्यांत पाणी भरलं की परांना गारवा मिळतो. पाण्यात त्याचा भार पाणी पेलतं. जमिनीवर तोच भार फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडतो. स्नायू चेपले की त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतं. म्हणूनच परत पोहत गेलेला प्राणीही काही दिवसांनी दगावू शकतो.

चरबीच्या जाड थरामुळे तो हवेत चटकन तापतो. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः पाठीवरचा पर, पुढचे पर आणि शेपटी यांतून, तेव्हा पाणी आधी तिथे घाला. अंगावर फिक्या रंगाची ओली चादर टाका, वर सावली धरा. श्वासरंध्राभोवतीची जागा मात्र मोकळी हवी. डोक्याजवळ पाणी घालायचं असेल तर श्वास घेऊन रंध्र मिटल्यावरच. थंड वारा सुटला असेल तर सतत भिजवू नका, तो गारठतो. तेल किंवा सनस्क्रीन लावू नका.

एकाने बाजूला बसून दर मिनिटाचे श्वास मोजून वेळेसह लिहून ठेवावेत. लहान जातीचा डॉल्फिन शांत असताना मिनिटाला साधारण २ ते ५ वेळा श्वास घेतो. आकडा १० च्या पुढे गेला की ताण वाढलाय. नोंद पशुवैद्याच्या फार कामाची असते. उच्छ्वासाच्या फवाऱ्यात तोंड घालू नका, त्यातून ब्रुसेलासारखे जंतू येऊ शकतात. मास्क आणि हातमोजे घाला, शेपटीच्या टप्प्यात उभं राहू नका. जवळ दोन-तीन माणसंच असावीत, बाकीची गर्दी आणि कुत्री लांब. आई-पिल्लू असतील तर एकमेकांपासून तोडू नका.

परत सोडायचं की नाही, हे पशुवैद्य ठरवतो. सोडायचं ठरलं तर त्याला एका कुशीवर वळवून गुंडाळलेली ताडपत्री अंगाखाली सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ती उलगडायची. अडीच मीटरचा डॉल्फिन दीडशे किलोच्या पुढे भरतो, तेव्हा उचलायला सहा-आठ जण तरी हवेत. कमरेएवढ्या पाण्यात नेल्यावर लगेच सोडू नका. श्वासरंध्र वर ठेवून त्याला डावीकडे-उजवीकडे हलकेच डोलवा. आखडलेले स्नायू सुटायला आणि तोल परत यायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. स्वतः सरळ राहून श्वासासाठी वर येऊ लागला की हात सैल करा. पायलट व्हेलचा (डॉल्फिनच्याच कुळातला मोठा प्राणी) कळप लागला असेल तर सगळ्यांना एकत्र सोडावं लागतं, एरवी सुटलेले मागे राहिलेल्यांकडे परत फिरतात.

सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या बाबतीत हे सगळं उलट. सील विश्रांतीसाठीच किनाऱ्यावर येतो, आणि एकटं पिल्लू म्हणजे सोडलेलं पिल्लू नव्हे. आई समुद्रात गेलेली असू शकते. पाणी ओतू नका, पाण्यात ढकलू नका, लांबूनच पाहा आणि कळवा. चावलाच तर डॉक्टरांना ‘सील चावला’ असं स्पष्ट सांगा. या जखमेतल्या मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूवर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं.

पुनर्वसन केंद्रातही घाई नडते. आलेल्या सील पिल्लाचं शरीर सुकलेलं असतं, म्हणून आधी नळीने क्षारमिश्रित पाणी, मग माशांची पातळ पेज आणि शेवटी अख्खे मासे. गाईचं दूध कधीच नाही: सीलच्या दुधात चरबी भरपूर आणि लॅक्टोज (दुधातली साखर) नगण्य असतं, त्यामुळे गाईचं दूध त्याला पचत नाही. काही गोठवलेल्या माशांतलं थायमिनेज हे विकर जीवनसत्त्व ब-१ (थायमिन) नष्ट करतं, त्यामुळे खाऊ घातलेल्या माशांच्या किलोमागे साधारण २५ ते ३५ मिलिग्रॅम थायमिन वरून द्यावं लागतं. मासे फ्रिजमध्येच वितळू द्या, कोमट पाण्यात नव्हे. पिल्लाशी बोलणं, त्याला कुरवाळणं टाळा. माणसाच्या हाताकडे धावणारं पिल्लू समुद्रात सोडता येत नाही.