गाणं असं सुचवा की समोरचा खरंच ऐकेल

आधी कबुली देऊन टाकतो. मी कित्येक वर्षं लोकांना गाणी सुचवायचो नाही, फेकून मारायचो. कोणी सहज म्हणलं "काहीतरी नवीन सांग ना ऐकायला" की आमचं सुरू, बारा लिंका, वर तीन अल्बम, वर परत "आणि हे तर ऐकच". आठवड्याने विचारलं की उत्तर ठरलेलं, अरे ऐकतो ऐकतो, वेळच नाही मिळाला. वेळ होता हो, पण बारातलं आधी कुठलं लावायचं तेच त्याला कळेना, मग त्याने गुपचूप आपलं नेहमीचं लावलं.

तेव्हापासून एका वेळी एकच गाणं पाठवतो. दुसरं पाठवायला हात कितीही शिवशिवले तरी नाही.

पण ते एक कुठलं, तिथे खरी मेहनत आहे. "तुला कुठल्या टाइपचं आवडतं" हा प्रश्न वाया जातो कारण सगळे म्हणतात, मी सगळंच ऐकतो. त्याऐवजी विचारा, हल्ली कुठलं गाणं परत परत लावतोयस? आणि लगेच पुढचं, त्यात नेमकं काय आवडतं? इथे माणूस उलगडतो. एकाला शब्द लागतात, एकाला नुसता आवाज, एकाला ठेका, एकजण निव्वळ त्या एका गिटारच्या तुकड्यासाठी अख्खं गाणं सहन करत असतो. एकाच गायकाचे दोन चाहते बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असतात, म्हणून "याला तो आवडतो म्हणजे हाही आवडेल" हे गणित सारखं चुकतं. मी एका शब्दवेड्या मित्राला बारा मिनिटांची नुसती वाद्यं दिली होती. चूक माझीच.

अजून एक विचारायचं, ऐकतोस कधी? प्रवासात, गोंगाटात ऐकणाऱ्याला संथ आलाप दिलात तर सुरुवातीची तीन मिनिटं त्याला काही ऐकूच येणार नाही आणि तो म्हणेल बोअर आहे. तेच रात्री हेडफोनवर दिलं असतं तर गोष्ट वेगळी.

आता सांगायचं काय. "मास्टरपीस आहे", "आयुष्य बदलेल" असलं काही बोलू नका राव, समोरच्याची परीक्षाच सुरू होते, आवडलं नाही तर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं त्याला वाटायला लागतं. त्यापेक्षा कान कुठे लावायचा ते सांगा. उदाहरण म्हणजे जॅझवाला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा अल्बम काइंड ऑफ ब्लू. जॅझ कधीच न ऐकलेल्याला "हा जॅझचा महान अल्बम" म्हणलं की तो आधीच दमतो. मी एवढंच सांगतो की पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीला पियानो आणि बास (खर्जात वाजणारं मोठं तंतुवाद्य) जरा चाचपडत असतात, तिथे घाबरू नकोस, साधारण अर्ध्या मिनिटाने बास एक ओळ धरतो आणि बाकीचे त्याला दोन-दोन सुरांत उत्तर देतात, बास प्रश्न विचारतोय आणि ते उत्तर देतायत असं ऐक. एवढं कळलं की माणूस त्या ट्रॅकची नऊ मिनिटं बसतो. तुमचं ते एक वाक्य असं असावं की गाणं न ऐकलेल्यालाही कळेल आणि ऐकताना ती जागा आली की "हां, हे होय" असं होईल.

गाणं द्यायचं की अख्खा अल्बम? माझं मत, पहिल्या भेटीत गाणंच. पण काही अल्बम तोडले की मरतात. १९६७ चा कॉल ऑफ द व्हॅली घ्या, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे तो, पहाटेच्या अहिर भैरवपासून रात्रीपर्यंत, राग प्रहरांप्रमाणे लावलेत. त्यातला मधलाच देस काढून दिला तर छानच वाटेल पण दिवस गेला ना. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ चा डार्क साइड ऑफ द मून पण तसाच, ट्रॅक एकमेकांत शिरतात, मधूनच तोडलं तर वाक्य अर्ध्यात थांबल्यासारखं वाटतं. असं काही द्यायचं असेल तर सरळ सांगा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतील, शफल बंद कर, आणि अॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपतानाच त्यात पुढचं मिसळणारी सोय) चालू असेल तर तोही बंद कर. शफलवर ऐकून "काही खास नाही" म्हणणारे मी पाहिलेत, भांडण व्हायचं बाकी होतं.

आणि हो, जुन्या अल्बमला दोन बाजू असायच्या हे विसरू नका. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची, म्हणून दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणंसुद्धा बऱ्याचदा विचार करून ठेवलेलं असायचं. अख्खा अल्बम ऐकायचा कंटाळा करणाऱ्याला मी एकच बाजू देतो, आज एवढीच ऐक म्हणून. चालतं हे.

लिंक पाठवताना व्हर्जन बघा! हे कोणीच करत नाही. एकाच गाण्याचं स्टुडिओ, लाइव्ह, रिमास्टर (जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने साफ केलेलं), रिमिक्स, शिवाय दुसऱ्याच कोणीतरी गायलेलं, सर्चमध्ये सगळं एकाखाली एक येतं. तुम्ही प्रेमात पडलात लाइव्हच्या आणि पाठवलं स्टुडिओचं, मग तो म्हणणार यात काय एवढं. काइंड ऑफ ब्लूचीच गंमत, मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी एक मशीन किंचित हळू चालत होतं त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूचे सूर जरा चढे वाजायचे, ते १९९२ मध्ये दुरुस्त झालं. दोन व्हर्जन शेजारी ठेवून कुठलं चांगलं ठरवताना आवाज सारखा करून घ्या, जे थोडं मोठ्याने वाजतं तेच कानाला उगाच भारी वाटतं.

पाठवलंत? आता गप्प बसा. सगळ्यात अवघड हेच. समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत "आत्ता येईल बघ, आत्ता, हां आत्ता" असं करणाऱ्या माणसाबरोबर कोणाला गाणं ऐकता येत नाही, तो बिचारा तुमच्यासाठी चेहरा सांभाळत असतो. फारतर एवढं म्हणा की दोनदा ऐक. सवयीने आवड वाढते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्येच प्रयोगांतून दाखवलंय. पण पहिल्यांदाच डोकं उठलं असेल तर परत परत ऐकवून प्रेम बसेल अशी आशा नको.

नाही आवडलं म्हणाला तर वाद घालू नका, कुठे बंद केलंस ते विचारा. दुसऱ्या मिनिटाला, आवाज सुरू झाल्यावर? म्हणजे आवाज खटकला, पुढच्या वेळी वेगळा आवाज. ही माहिती "छान होतं" पेक्षा कितीतरी कामाची.

जाणकारांशी व्यवहार जरा वेगळा. त्यांनी मोठी नावं ऐकलेली असतात, तिथे त्याच कलाकाराचं कमी वाजणारं काही द्या, आणि "याचे आधीचे अल्बम खरे" हे वाक्य गिळून टाका, त्याने कधी कोणी काही लावून ऐकलेलं नाही. आणि त्यांनी काही सुचवलं तर आपलं पुढचं पाठवायच्या आधी ते ऐका, मन लावून ऐका, आणि त्यातली एखादी जागा सांगा. नुसता अंगठा टाकलात की त्यांना लगेच कळतं.

माझ्या एका मित्राला मी एक अल्बम दिला होता, त्याने दीड वर्षं हूं की चूं केलं नाही, मीही सोडून दिलं. परवा त्याचा रात्री साडेअकराला फोन, अरे एक अल्बम सापडलाय, तू ऐकला नसशील, तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटाकडे काय होतं ते फक्त बघ. तोच अल्बम. मी म्हणलं नाही रे, नाही ऐकला, लिंक टाक.