बोकास पुरस्काराच्या यादीवरून कॅरिबियन पुस्तकं कशी वाचावीत

कॅरिबियन साहित्य वाचायचं तर सुरुवात कुठून करावी, याला सगळ्यात भरवशाचं उत्तर म्हणजे त्रिनिदादच्या ओसीएम बोकास पुरस्काराची यादी. २०११ पासून दरवर्षी हा पुरस्कार पोर्ट ऑफ स्पेनमधल्या बोकास साहित्य महोत्सवात दिला जातो. त्रिनिदाद आणि व्हेनेझुएला यांच्या मधल्या सामुद्रधुन्यांना स्पॅनिशमध्ये 'बोकास देल ड्रागोन', म्हणजे ड्रॅगनची मुखं, म्हणतात. पुरस्काराचं नाव तिथूनच आलं आहे. मुख आणि बोली यांचं नातं पुढे वाचताना पदोपदी जाणवेल.

यादी वापरण्याआधी पुरस्काराची रचना समजून घ्या. कविता, कथात्म साहित्य आणि ललितेतर गद्य असे तीन विभाग आहेत आणि प्रत्येकाला वेगळं परीक्षक मंडळ असतं. आधी मोठी यादी जाहीर होते, मग तीन विभागविजेते, आणि त्या तिघांतून एकच मुख्य विजेता. मुख्य पुरस्कार १०,००० अमेरिकी डॉलरचा असतो. लेखक कॅरिबियन देशात जन्मलेला किंवा तिथला नागरिक असावा लागतो. तो आज टोरांटोत राहतो की लंडनमध्ये, याने फरक पडत नाही.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. ते फक्त मुख्य विजेत्यांची नावं उतरवून घेतात. २०१५ मध्ये मुख्य पुरस्कार सेंट लुशियाच्या व्लादिमीर लुसियन या तरुण कवीच्या 'साउंडिंग ग्राउंड' या पहिल्याच संग्रहाला मिळाला. त्या वर्षीचं कथात्म विभागाचं विजेतं पुस्तक होतं मार्लन जेम्स यांचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ सेव्हन किलिंग्ज', ज्याला काही महिन्यांनी मॅन बुकर मिळालं. एकच नाव टिपणाऱ्याच्या हातून या दोघांपैकी एक निसटतोच. म्हणून एखादं वर्ष निवडा आणि त्या वर्षाची तिन्ही पुस्तकं शोधा.

दुसरी चूक म्हणजे बुकरच्या नावाला भुलून मार्लन जेम्सपासूनच सुरुवात करणं. सुमारे ७०० पानं, डझनभराहून अधिक निवेदक आणि प्रत्येकाची बोली वेगळी. सत्तराव्या पानावर पुस्तक मिटलं जातं आणि 'हे साहित्य आपल्याला जमत नाही' असा भलताच निष्कर्ष निघतो. ते चौथं-पाचवं पुस्तक म्हणून घ्या. कॅनिसिया लुब्रिन यांची २०२१ ची विजेती दीर्घकविता तर त्याच्याही नंतर.

पहिलं पुस्तक म्हणून २०२२ चं मुख्य विजेतं, सेलेस्ट मोहम्मद यांचं 'प्लेझंटव्ह्यू' घ्या. त्रिनिदादमधल्या एका काल्पनिक गावाच्या, एकमेकींत गुंतलेल्या कथा आहेत. एका बैठकीत एक कथा, एवढंच प्रमाण ठेवा. पहिल्या कथेत ओझरती दिसलेली माणसं नंतर पुन्हा भेटतात, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर नावं आणि नाती पेन्सिलीने लिहीत जा.

त्यानंतर २०१७. त्या वर्षी केई मिलर यांची 'ऑगस्टाउन' ही कादंबरी मुख्य विजेती ठरली आणि कविता विभागात साफिया सिंक्लेअर यांचा 'कॅनिबल'. दोघंही जमैकाचे. कादंबरी १९८२ मधली आहे. शाळेत मास्तरांनी एका रास्ताफारी (जटा राखणारा, आफ्रिकेला मूळभूमी मानणारा जमैकन पंथ) मुलाच्या जटा कापल्या आहेत आणि घरातली आंधळी मा टॅफी त्याला उडू पाहणाऱ्या धर्मोपदेशकाची गोष्ट सांगते. तो उपदेशक, अलेक्झांडर बेडवर्ड, इतिहासात खरंच होऊन गेला. कादंबरी संपली की साफिया सिंक्लेअर यांचंच 'हाऊ टू से बॅबिलॉन' हे २०२४ चं मुख्य विजेतं आत्मकथन वाचा. कडक रास्ताफारी बापाच्या घरात वाढलेल्या मुलीची ही हकिगत आहे. एकाच पंथाची बाहेरून झालेली कुचंबणा आणि घरात मुलींची झालेली कुचंबणा, असं दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. मग 'कॅनिबल'. 'कॅरिबियन' आणि 'कॅनिबल' हे दोन्ही शब्द मुळात एकाच नावावरून आले आहेत, हे माहीत असेल तर शीर्षकाची धार लगेच कळते. कविता दिवसाला एकच, दोनदा, मोठ्याने वाचा.

मोठ्याने वाचण्याचा आग्रह गद्यालाही आहे, कारण खरी अडचण बोलीची असते. डोळ्यांना ती चुकीची इंग्रजी वाटते, कानांना नाही. तिचं व्याकरण पक्कं आहे आणि पाच नियम कळले की निम्मं काम होतं. त्रिनिदादमध्ये क्रियापदाआधी 'डझ' आलं की सवय: 'ही डझ गो मार्केट' म्हणजे तो बाजारात जात असतो. 'गो' आधी आलं की भविष्य: 'शी गो कम टुमॉरो', ती उद्या येईल. क्रियापद नुसतंच आलं की बहुधा भूतकाळ: 'ही टेल मी', त्याने मला सांगितलं. जमैकात क्रियापदाआधीचा 'अ' चालू क्रिया दाखवतो: 'मी अ गो', मी जातोय. त्यातला 'मी' म्हणजे आपला 'मी'च, लक्षात राहायला सोयीचा. नामानंतर 'डेम' लागलं की अनेकवचन. ज्यांनी मराठीतली बोलीभाषेतली आत्मकथनं वाचली आहेत, त्यांना प्रमाणभाषा बाजूला ठेवण्यामागचा आग्रह वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

शब्दांची मात्र खबरदारी घ्या. जे ओळखीचे वाटतात तेच जास्त फसवतात. 'कुली' दिसलं की आपण हमाल समजतो. तिथे ती भारतीय वंशाच्या माणसाला दिलेली शिवी असते. 'टी' म्हणजे चहाच असं नाही, सकाळचं कुठलंही गरम पेय, कोकोसुद्धा. 'लाइम' म्हणजे लिंबू नव्हे, तर कट्ट्यावर जमून निवांत वेळ घालवणं. 'यार्ड' म्हणजे अंगण खरं, पण जमैकन कथेत पुष्कळदा अनेक बिऱ्हाडं ज्याभोवती राहतात ते सामायिक आवार. भुताला जमैकात 'डप्पी' म्हणतात, त्रिनिदादमध्ये 'जंबी'. 'कॅलालू' तर बेट बदललं की भाजीच बदलते. त्रिनिदादमध्ये ती अळूच्या पानांची, भेंडी आणि नारळाचं दूध घालून घोटलेली. जमैकात माठाच्या जातीच्या पाल्याची. उलट 'आजी' भेटली तर शब्दकोश उघडू नका. त्रिनिदादच्या भारतीय घरांत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात आणि आईच्या आईला नानी. तो शब्द भोजपुरीतून गेला आहे.

वाचण्याआधी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एवढ्या तारखा लिहून ठेवा: १८३४ ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ पूर्ण मुक्ती आणि त्याच वर्षी गयानात पहिले भारतीय करारबद्ध मजूर, ३० मे १८४५ त्रिनिदादमध्ये पहिले भारतीय मजूर घेऊन आलेलं 'फातेल रझाक' जहाज, १९१७ मजूरभरती बंद, ऑगस्ट १९६२ जमैका आणि त्रिनिदाद स्वतंत्र, १९६६ गयाना आणि बार्बाडोस. शेजारी नकाशा चिकटवा. गयाना आणि बेलीझ मुख्य भूमीवर आहेत, तरी कॅरिबियनच.

पुस्तकं मिळवणं हा कष्टाचा भाग आहे. मोठ्या प्रकाशकांची सहज मिळतात, पण कविता बऱ्याचदा छोट्या प्रकाशकांकडे असते. त्यांतलं पहिलं नाव इंग्लंडमधल्या लीड्सच्या पीपल ट्री प्रेसचं. हा 'पीपल' म्हणजे आपला पिंपळ, मजुरांबरोबर समुद्रापलीकडे गेलेला. 'साउंडिंग ग्राउंड' त्यांचंच. अशी पुस्तकं परदेशातून मागवताना टपालखर्च पुस्तकाएवढा होऊ शकतो, म्हणून आधी ई-आवृत्ती आहे का ते बघा आणि छापील हवी असतील तर तीन-चार एकत्र मागवा.

ही यादी इंग्रजी पुस्तकांची असल्यामुळे क्यूबा, हैती, मार्टिनिक इथलं मूळ स्पॅनिश, फ्रेंच आणि क्रिओल (तिथल्या मिश्र भाषेतलं) लेखन तिच्यात फारसं येत नाही. त्यासाठी हवानाच्या कासा दे लास अमेरिकास संस्थेचा, १९६० पासून दिला जाणारा पुरस्कार पाहा आणि त्यातल्या लेखकांचे इंग्रजी अनुवाद शोधा. बोकासची नवी यादी आली की मात्र मुख्य विजेता ठरेपर्यंत थांबू नका. यादीतल्या प्रत्येक पुस्तकाची नमुन्याची पहिली दहा पानं मोठ्याने वाचा आणि ज्याचा आवाज दुसऱ्या दिवशीही कानात राहिला, ते आधी मागवा.